किल्ल्यांची खिडकी

रीगाच्या संगीत अकादमीत, तळमजल्यावर,
जिन्याच्या डावीकडे जी खिडकी आहे ना, ती माझी.
साठ खोल्या, साठ किल्ल्या, एक वही.
नाव, खोली, वाद्य, वेळ, सही.

मी स्वतः काही वाजवत नाही.
बावीस वर्षं रेडिओच्या कारखान्यात
केसाएवढी तांब्याची तार रिळावर गुंडाळली,
वेढ्याला वेढा चिकटून, मध्ये हवासुद्धा नको.
कारखाना बंद पडला तेव्हा बोटं तेवढी शिल्लक होती.

पण कान कुणाला मिटता येतात?
अकरा नंबरात गुनार्स
चेलो जुळवता जुळवताच त्याला शिव्या घालतो.
चौतीसमधला लिथुएनियाचा मुलगा
कॉन्ट्राबास पाठीवर घेऊन जिना चढतो,
बहिणीच्या घरी कपाट पोचवायला निघाल्यासारखा.
व्हायोलिनच्या पोरी सकाळी सातला हजर.
राळ घासताना एकमेकींशी बोलत नाहीत.

आणि सत्तावीस नंबर, माडारा, व्हायोला.
वडिलांची कुल्डीगाला बेकरी,
वाद्याची पेटी उघडली की राय पावाचा वास खिडकीपर्यंत येतो.
तिच्या स्कुयिन्याबाई फार कडक.
पहिल्या वर्षी हिवाळा लागेपर्यंत
डावा हात कोटाच्या खिशात ठेवायला लावतात.
नुसता गज, मोकळ्या तारेवर,
या टोकापासून त्या टोकापर्यंत.
"घोडीपासून पट्टीपर्यंत दोन बोटं जागा आहे," म्हणतात,
"तिथे आधी घर कर. मग बोटांचं बघू."
मी आयुष्यभर घरंच बदलत आले,
मला ते लगेच कळलं.

जानेवारीत उणे एकोणीस झालं.
रेडिएटरनं हवा इतकी कोरडी केली
की दोन व्हायोलिनं उभी चिरली,
आणि माडाराच्या डाव्या मनगटाची शीर सुजली.
डॉक्टर म्हणाला, सहा आठवडे वाद्याला हात नाही.

दुसऱ्या दिवशी साडेसातला ती खिडकीशी उभी.
पट्टी बांधलेला हात मागे लपवून
दुसरा पुढे केला.
नियम असा आहे की जो वाजवणार त्यालाच खोली.
मी सत्तावीसची किल्ली दिली.

रोज दिली.
वाद्याच्या रकान्यात रोज व्हायोला लिहिलं.
ऑफिसातला साहेब विचारायला आला,
सत्तावीसमधून काही ऐकू येत नाही, हीटर मात्र चालू.
मी म्हटलं, नवी तार चढवलीय,
ती तीन दिवस उतरत राहते, बसायला वेळ लागतो.
अर्धं खरं होतं.

एकदा पाणी द्यायच्या निमित्तानं वर गेले.
स्टँडवर स्वरलिपीचं पान, डोळे त्यावर,
उजव्या हातात पेन्सिल, गजासारखी धरलेली,
हवेत, अगदी सावकाश.
पेटी बंद.
पान उलटायच्या आधी तिनं श्वास घेतला
तो मला ऐकू आला.
पाण्याचा ग्लास घेऊन तशीच खाली आले.

सहा आठवडे म्हणता म्हणता नऊ झाले.
मार्चमध्ये, एका गुरुवारी,
दाउगावावरचा बर्फ फुटायला लागला होता,
मी गुनार्सची सही घेत होते,
वरून सर्वांत जाड तार आली.
एकच. मोकळी. लांब.
गज परत फिरताना किंचित अडखळला.
गुनार्स म्हणाला, "बेसूर आहे."
मी म्हटलं, "सही कर, नि जा."

संध्याकाळी किल्ली परत करताना
तिनं काउंटरवर तुटकी तार ठेवली, वेटोळं करून.
"बसवताना तुटली. टाकून द्याल?"

टाकली नाही.
रात्री, दिव्याखाली, चष्मा लावून
टोकापासून तिची चांदी सोडवत बसले.
वेढ्याला वेढा चिकटून.
कुणी गुंडाळली असेल, कुठल्या कारखान्यात,
हात बाईचा असणार.
चारशे वेढ्यांपर्यंत मोजले,
मग डोळ्यांना दिसेना.
अजून अर्धीही सुटली नाही.