खिळा

मॉन्ट्रोजच्या दप्तरखान्यात, तळघरात,
मी एका वर्तमानपत्राचे अंक मोजत बसले आहे.
आठवड्याला एक, पानं चार,
कोपऱ्यात अर्ध्या पेनीच्या कराचा तांबडा शिक्का.
बाहेर समुद्रावरून धुकं चढून आलंय,
तीनलाच दिवे लावावे लागले.

काढलं हर्क्युलिस इम्लाखनं. मालक तोच, संपादक तोच.
लंडनची बातमी घोड्यावरून इथवर येता येता शिळी होई,
तो तिला ‘आत्ताच हाती आलेली’ म्हणे.
रीगाहून उतरलेलं जवसाचं बी,
हरवलेली गाय, तांबडी, एक शिंग मोडकं,
हे त्याला जास्त जमे.
वर्गणी कुणी ओटच्या पिठात देई, कुणी कोळशात,
बरेच जण देतच नसत.
त्यांची नावं त्यानं एकदा छापली.
यादीत पहिला होता कागदवाला.
पुढचे तीन आठवडे अंक नाही.

खिळे जुळवायची ग्रिझल, त्याची बायको.
उलटी अक्षरं ती सुलट्यांहून भरभर वाचायची म्हणे.
शाईचे कातडी गोळे रात्री मुतात भिजत घालणं,
सकाळी पिळणं, तेही तिच्याकडेच.

अंक एकशे त्र्याण्णव, तळाची ओळ:
मुद्रक एच. इम्लाख.
अंक एकशे चौऱ्याण्णव:
मुद्रक जी. इम्लाख.
बास. एवढंच.
काळी चौकट नाही, चार शब्द नाहीत,
त्या जागी जवसाच्या बियांची जाहिरात.
रोख मिळाले असावेत.

टाइपाला आपण खिळा म्हणतो.
त्या सकाळी तिनं एक खिळा उपसला,
एक बसवला.
गल्लीत सुताराकडेही तेच चाललं असणार.
मी भिंग धरून पाहिलं,
तो ‘जी’ जरा तिरका, शाई फुटलेली.
हात थरथरला म्हणावं,
तर पुढची नऊ वर्षं तो तसाच उमटतो.
खिळाच झिजका होता.

शेवटच्या अंकात एका गलबताची हकीकत आहे.
नॉर्वेच्या किनाऱ्याजवळ डोलकाठी मोडली,
खलाशी स्वतःला दोरांनी बांधून घेताहेत,
कप्तान पिंपात काठी घालून
पाणी किती उरलं ते बघतोय,
आणि रकाना संपतो.
उर्वरित मजकूर पुढील अंकी.

पुढील अंक या कपाटात नाही.
डंडीला विचारलं, लंडनला विचारलं.
नोंदवहीत मी ‘समाप्त’ लिहिलं,
मग खोडलं.
गलबतावर अजून सात माणसं आहेत.