गृहीतक क्रमांक एक

नांदेड, विष्णुपुरी. रात्री दोनला
संगणक एक चौकोन सोडवतोय:
मधोमध सिरॅमिकची काडी, भोवती इपॉक्सी.
एकच घर मांडलंय मी,
बाकीची हजार अशीच असणार म्हणून.

दाबलं की वीज.
वीज दिली की किंचित फुगणं.
मॉडेल म्हणतं चारशे वीस.
मीटर म्हणतो तीनशे एकाहत्तर.

आठवडाभर जाळी बारीक करत बसले,
कडेच्या अटी पुन्हा लिहिल्या,
आकडा ढिम्म.

गफूरभाईंनी नमुना ट्यूबलाइटसमोर धरला
(देगलूर नाक्यावर त्यांचं वेल्डिंगचं दुकान होतं),
नखानं टिचकी मारली, कान लावला.
"मॅडम, हितं चिकटलंच नाही की.
ओतताना हवा ऱ्हायली आत."

प्रबंधाच्या दुसऱ्या पानावर माझंच वाक्य आहे:
दोन पदार्थांमधला सांधा परिपूर्ण मानू.
तीन वर्षांपूर्वी, एका दमात लिहिलेलं.

आता त्या सांध्यात एक फट ठेवलीय,
केसाहून बारीक.
आकडा उतरतोय. चारशे दोन. तीनशे अठ्ठ्याऐंशी.

पुढचा नमुना गरम तेलात सोडताना
गफूरभाई विचारतात,
"आमचा बुडबुडा घेतला का गणितात?"

घेतला.
ग्रीक अक्षरं संपली होती,
ग लिहिलंय.