मगर, बारा फूट

टॅब सहा आले. मुलं चौदा.
दोन टॅब कपाटातच, त्यांचे चार्जर वाटेत आहेत
असं ऑफिस दिवाळीपासून म्हणतंय.
दांडिया बाजारामागची मराठी शाळा, तिसरीचा वर्ग,
पार्टिशन घालून अर्धा केलेला.
पलीकडे तेराचा पाढा चालू,
अलीकडे आमच्या पडद्यावर मगर.

बोट लावलं की जबडा उघडते,
दात मोजू देते,
पुन्हा बोट लावलं की पुन्हा तेवढाच उघडते.
ध्रुविल म्हणाला, "बाई, हा तर पालीएवढा!"
"हा नाही रे, ही."
"पण घरी सगळे 'मोटो मगर' म्हणतात."
पाच मिनिटं त्यातच गेली:
विश्वामित्रीतली मगर तो की ती,
आणि गुजरातीतून मराठीत येताना
पुलाच्या नेमक्या कुठल्या खांबाशी बदलते.

खरी केवढी असते?
टॅब म्हणाला, बारा फूट.
मुलांनी माना डोलावल्या,
सूर्य नऊ कोटी मैलांवर आहे म्हटलं की मी डोलावते तशा.

मग मी सुतळीचा गुंडा काढला.
फूटपट्टी बारा वेळा टेकवली. नवव्याला मोजणी चुकली,
हेतवी शिर्केनं पहिल्यापासून करायला लावली.
सुतळी टेबलापासून निघाली,
पाण्याच्या पिंपाजवळून, चपलांच्या ढिगावरून,
आणि उंबरा ओलांडून व्हरांड्यात गेली.
वर्ग एकदम गप्प झाला.
पलीकडचा पाढासुद्धा तेरा साताशी थांबला.

आता विती.
ओजसच्या सव्वीस भरल्या, हेतवीच्या एकोणतीस,
माझ्या अठरा.
"पण मगर तर एकच आहे ना, बाई?"
उत्तर लिहायला मी खडू उचलला
आणि तसाच खाली ठेवला.
राहू दे रात्रभर तिच्या डोक्यात.

तो खडू उचलला नैतिक कहारनं.
घर नदीच्या काठाला, टॅबला अजून हात लावलेला नाही,
हजेरीलाही नुसतं बोट वर करतो.
सुतळीच्या दोन्ही अंगांनी त्यानं पोट काढलं, पाठीचे खवले काढले,
माझे पाय ओल्या फडक्यानं पुसून टाकले,
म्हणजे मी काढलेले.
"असे नसतात. ऊन खाताना असे असतात,"
म्हणत पालथा पडला, कोपरं बाहेर, हनुवटी फरशीला,
आणि तोंड उघडं ठेवून
एवढा निश्चल राहिला
की ओजसनं आपली चप्पल हळूच मागे ओढून घेतली.
मग तेराही जण पालथे.
मुख्याध्यापक डोकावले, काही विचारणार होते,
विचारलं नाही.

संध्याकाळी ऑफिसात चार टॅब ओळीनं चार्जिंगला.
कपिलाबेननं व्हरांडा पुसला,
शेपटीशी आली, बादली उचलली,
वळसा घालून पलीकडे गेली.
मी दार ओढलं, कुलूप लावलं.
शेपटी बाहेरच राहिली.