कच्चा टाका

चरईत, पिठाच्या गिरणीला लागून माझं मशीन.
ताग्यातलं कापड घेऊन आता क्वचित कुणी येतं.
येतात करड्या प्लास्टिकच्या पिशव्या.
"पतंगे काका, कमरेत जरा घ्या ना,
पण कापू नका. लेबल राहू द्या.
कच्चा टाका घाला. रविवारी बारसं आहे,
मंगळवारी परत करायचाय."

चाळीस वर्षं उसवू नये म्हणून शिवलं.
आता उसवता यावं म्हणून शिवतो.
तीस रुपये. डबा ओरडून सांगतो, पार गिरणीपर्यंत.

लेबलावर देश असतो, माणूस नसतो.
पण शिवण उलटली की दिसतं:
काखेपाशी टीप डावीकडे सरकलीय.
तिथे तिची पाठ भरून आली असणार,
किंवा शिफ्टची घंटा झाली असणार.
तिला मापं कुणी दिलीच नाहीत.
नुसतं एम. एम म्हणजे कोण?

माझ्या वहीत मसुरकर बाईंचा डावा खांदा
अर्धा इंच उतरता आहे, अठ्ठ्याण्णवपासून.
काल त्यांनी फोन पुढे केला,
"एम घेऊ की एल? तुम्हीच सांगा."
वही काढली. म्हटलं, एल घ्या,
खांद्याचं माझ्यावर सोडा.

मंगळवारी टाके काढतो. वाफेची इस्त्री फिरवली
की सुईची भोकं बुजतात.
पोरगा येतो, हेल्मेट न काढता पिशवी नेतो,
भिवंडीच्या गोदामात, पुढे कुठे, देव जाणे.

एखादा धागा मी राहू देतो
आतल्या अंगाला. पिवळा.
कुणी उलटून पाहिलंच तर.