पन्हळ

वागळे इस्टेटला आमचं ग्राइंडिंगचं दुकान.
डाय येतात, पंच येतात, कागद कापायची लांब पाती,
आणि वर्षातून चारदा
शलाका कर्णिकचे बूट.

पहिल्यांदा आली तेव्हा अकरा वर्षांची.
"काका, नुसती धार नको, पन्हळ पाहिजे."
पात्याच्या मधोमध उथळ खाच,
दोन्ही बाजूंना एकेक कड, आतली, बाहेरची.
"एका वेळी एकाच कडेवर राहायचं असतं.
दोन्हींवर टेकलात की गुण कापतात."

टाच मुद्दाम आखूड.
जोडीदार इतका जवळ नाचतो
की लांब टाच त्याच्या पोटरीत जाईल.

मी बर्फ पाहिला तो रसवंतीचा, गोणपाटातला.
तिचा बर्फ गुरुग्रामला, तासाच्या भाड्याने.
इथे पहाटे उपवनला चाकांवर सराव,
निमिषचा हात धरून, मोठ्याने आकडे मोजत,
मे महिन्यात.

तिची स्पर्धा मी एकही पाहिली नाही.
पाती पाहिली.
तेराव्या वर्षी डावी बाहेरची कड कोरीच,
त्या अंगाला झुकायची भीती असणार.
पुढच्या खेपेला टोकाचे दाते बोथट:
आपटली होती. तिनं सांगितलं नाही, मी विचारलं नाही.
पंधराव्या वर्षी चारही कडा सारख्या झिजून आल्या.
म्हटलं, "पदक?"
"कांस्य. तुम्हाला कसं कळलं?"
तिच्या बाबांनी पेढे आणले. थोडी पोलादाची पूड बसली त्यांवर,
आम्ही तसेच खाल्ले.

मग निमिष कोट्याला गेला.
आठ महिने बूट आलेच नाहीत.

काल आली. उंच झालीये.
"सगळे म्हणतात एकटीनं उतर, उड्या मार.
त्याला लांब टाचेची पाती लागतात."
"मग? बदलायची?"
"नको. आखूडच राहू देत."

चाक फिरवलं. ठिणग्या उडाल्या, निवल्या.
कडा समान आल्यात का बघायला
पात्यावर रुपया आडवा ठेवला.
एका बाजूला जरासा कलला.
परत घासलं.

ती दाराशी फोनवर:
इंदूरचा आहे, पाच फूट नऊ, स्वभावानं शांत,
चाकांवर चांगला, बर्फाला अजून पाय लागलेला नाही.
ऐकणाऱ्याला वाटावं, स्थळ बघतेय.
मग माझ्याकडे वळून,
"काका, अजून एक जोड करून द्याल?"

"माप घेऊन ये," मी म्हटलं,
आणि रुपया पुन्हा ठेवून पाहिला.