पाय धर

एप्रिलमध्ये खुडूक कोंबडीखाली चौदा अंडी ठेवली,
तेरा फुटली, त्यांत नऊ कोंबडे.
बटाट्यासारखंच हे, नॉर्मां म्हणाला,
उकरल्याशिवाय कळत नाही.

मागच्या दाराशी नदी, नदीपलीकडे कॅनडा.
पावणेचारला नवातला एक आरवतो,
पलीकडून कुणाचा तरी उत्तर देतो,
मग उरलेले आठ.
झाकून ठेवले असते नऊच्या नऊ,
तरी उजाडलंच असतं.

सोळाव्या आठवड्यात मी म्हटलं, आता.
त्यानं एकेकाला काखेत धरून
छातीच्या हाडावरून अंगठा फिरवला.
'सुरीसारखं लागतंय अजून. भरू दे.'
अठराव्यात: 'नवी पिसं फुटतायत, खुंट उपटत बसशील रात्रभर.'
विसाव्यात: 'माश्या फार. थंडी पडू दे.'
एकविसाव्यात दाण्याचं आणखी एक पोतं आलं,
पावती त्यानं खिशात घातली.

कॅलेंडरवरचा पेन्सिलीचा गोल
पुढं पुढं सरकत राहिला,
मागं खोडरबराचे राखाडी डाग.

तोवर तलंगांच्या पाठी सोलल्या गेल्या.
त्याची जुनी जीन कापून मी त्यांना झुली शिवल्या.
पांढुरकी तर दाणे टिपायलाही उतरेना,
दिवसभर दांडीवर.
शेजारचा ल्युसियें म्हणाला, आता चामडंच होणार,
बूट शिवून घ्या.
नॉर्मां हसला नाही.

बटाटे काढायला शाळा बंद झाल्या, त्या आठवड्यात
तो दगडावर पातं घासत होता.
मी हात पाहिला.
पातं दगडावर टकटक वाजत होतं,
लाजाळू माणूस दार वाजवतो तसं.

किती महिने माहीत होतं मला?
कॉफीचा कप तेवढा मोठा घेतला होता मी,
बोलले नव्हते.

एकेचाळीस वर्षांची वाटणी:
पाय माझे, मान त्याची.
सुरी कधी दुसऱ्यांदा फिरवावी लागली नाही त्याला.
त्या दुसऱ्यांदाचीच भीती असावी.
मी विचारलं नाही.

शनिवारी गवत पांढरं झालं.
पाणी तापत ठेवलं, पत्र्याचा शंकू खिळ्याला अडकवला,
सुरी माझ्या बाजूला ठेवली.
'पाय धर,' मी म्हटलं.
तो बराच वेळ नदीकडे बघत राहिला.
मग हातमोजे काढले.

पहिला सगळ्यांत थोराड.
दोघंही थरथरत होते,
कोण कुणामुळे ते कळेना.
माझी सुरी उथळ गेली.
'जरा वर. कानाखाली,' तो म्हणाला,
गाडी मागं घेताना सांगतो त्या आवाजात.

दुपारपर्यंत आठ.
नववा लाकडाच्या ढिगावर चढून बसलेला,
आरवता आरवता मध्येच गिळणारा.
'याचं हाड अजून...' नॉर्मां म्हणाला.

मी सुरी धुतली,
कॉफी ओतली.
मोठ्या कपात, अर्धी.