हँडलवाला डबा

सिल्व्हर मॉलच्या दुसऱ्या मजल्यावर
राठी ग्राफिक कार्ड काउंटरवर आडवं ठेवतो.
मी खिशातून टेप काढतो. तीस सेंटीमीटर.
डब्यात जागा सत्तावीसची.
"भिया, बड़ा डब्बा ले लो, सस्ता पड़ेगा."
मोठा नको.
का नको, ते त्याला सांगत नाही.

मैथिलीने यादी दिलीय, भूगोलाच्या वहीच्या मागच्या पानावर.
प्रोसेसर, रॅम, कुठल्या कंपनीचं काय घ्यायचं नाही तेही,
आणि सगळ्यात खाली, दोनदा अधोरेखित:
हँडल.

छोट्याचं सगळंच महाग.
पंखासुद्धा बुटका हवा, नाहीतर झाकण बसत नाही.
राठी म्हणतो, "छोटे में गरमी फँसती है,
निकलने का रस्ता रखना."
मी मान हलवतो. एवढं मला ठाऊक आहे.

शुक्रवारी शाळेतून माझ्याकडे, विजयनगरला.
रविवारी संध्याकाळी परत सुदामानगर.
सिटी बस, मांडीवर दप्तर, आणि आता हा.
किती भरेल सगळं मिळून? साडेपाच किलो, फार तर सहा.
मी रिकामा डबा हँडलला धरून उचलतो,
त्यात राठीची दोन जाड कॅटलॉगं टाकतो,
जिन्यापर्यंत जाऊन येतो.
दुकानातला पोरगा हसतो.

रॅम निम्मी करतो. रागावेल.
पैसे देताना आठवतं,
भिंतीपासून डब्यापर्यंतची ती काळी केबल.
"एक तो साथ में आती है, भिया."
अजून एक दे.

तिकडे राहू दे एक,
तिच्या टेबलामागे, लावलेलीच.